दारातली हरळी

आमच्या दारात लॉन आहे. नसतं तरी माझं काही अडलं नसतं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

तळेगाव ढमढेऱ्यात आम्ही घर बांधलं, तेव्हा आमचे हे सणसवाडीच्या एका कंपनीत नुकतेच सुपरवायझर झाले होते. कंपनीच्या गेस्ट हाऊससमोर हिरवंगार लॉन होतं, ते ह्यांच्या डोक्यात बसलं. झालं! तांबड्या मातीची ट्रॉली आली, शेणखत आलं, नर्सरीतून गवताची पोती आली. ते चिमूट चिमूट ओळीनं रोवताना माझी कंबर मोडली. पाचव्या ओळीला लक्षात आलं, अरे, ही तर हरळी! माझ्या माहेरच्या रानात ही हरळी खुरपून खुरपून आईच्या बोटांना घट्टे पडले होते. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "हरळी नव्हे, बर्मुडा आहे." मग काय बोलणार, कपाळ!

हे सकाळी सहाला शिफ्टला जायचे आणि लॉन माझ्या गळ्यात राहायचं. फेब्रुवारी सरला की आमच्या बोअरचं पाणी अर्ध्या तासात संपायचं. लाईट असली तर पाईप, नसली तर धुण्याचं शेवटचं पाणी बादलीनं नेऊन ओतायचं. एक दिवस चुकला की कडा पिवळ्या. महिन्यातून एकदा उकिडवं बसून कात्रीनं कापायचं, ते वेगळंच. भाकऱ्या, धुणी, मुलांचे डबे आणि वर हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखं त्याचं सगळं करावं लागायचं. दोन वर्षं केलं. थकले होते हो मी, अगदी थकले होते.

अशातच आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेल्यावर दौंडकडच्या गावी त्या एकट्याच राहत होत्या. "आता कायमची आमच्याकडे ये" म्हणून हे कधीपासून त्यांच्या मागे लागले होते. एकदाच्या तयार झाल्या, तेही "करमलं तर ऱ्हाईन" असं बजावून. हे इतके खूश, की एसटी स्टँडपासून त्यांचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेऊन आले. मलाही बरं वाटलं. दिवसभर बोलायला घरात माणूस झालं.

पण आत्यांना बसायची सवय कुठली? तांदूळ निवडून झाले, डाळी निवडून झाल्या, निवडलेले गहू पुन्हा निवडून झाले. "बसून खायाची लाज वाटती गं," म्हणायच्या. चौथ्या दिवशी दारापुढच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी विचारलं, "दारातली हरळी कवा काढायची? लोकं काय म्हंत्याली, घरात दोन बाया आन् दारात हरळी?" एप्रिल होता, लॉन बरंचसं वाळलं होतं. मी पाणी मारते ते धुरळा बसावा म्हणून, असं त्यांना वाटत होतं. मी भांडी घासत होते. ती मुद्दाम लावलीय, हे समजावून सांगायचंही त्राण नव्हतं. "वेळ कुणाला आहे, आत्या," एवढंच म्हटलं.

त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी दुपारी भाजीची पिशवी घेऊन मी परत आले, तर गेटातूनच दिसलं. आत्या पदर खोचून लॉनमध्ये बसलेल्या, हातात खुरपं. अर्धी जागा साफ झाली होती. कडेला उपटलेल्या हरळीचा ढीग, त्यात तिच्या पांढऱ्या लांबच लांब काशा, जमिनीखाली पळणारी मुळं. काय हात चालत होता म्हातारीचा! तोंडानं काहीतरी गुणगुणत होत्या. आल्यापासून त्यांना एवढं खुशीत मी पाहिलंच नव्हतं.

अर्धं लॉन अजून शाबूत होतं. एक हाक मारली असती तर त्या थांबल्या असत्या. तोंडाशी आलेली हाक मी गिळली. मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची! मला कोण काय बोलणार? तशीच पाठ फिरवली आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले. चांगले दोन चहा झाले.

संध्याकाळी हे आले. आत्या ओट्यावर हसत उभ्या होत्या. "बघ, कसं लख केलं दार."

ह्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि तोही आईवर. "तुला कुणी सांगितलं होतं? दोन वर्षं राबलोय मी ह्याच्यामागं!" राबलं कोण, ते जाऊ द्या. आत्या म्हणाल्या, "मला वाटलं..." आणि ओट्यावरचं खुरपं उचलून ठेवायला वळल्या. मी आत भाकरी थापत होते. थापतच राहिले. मी पाहिलं होतं, मीच थांबवलं नाही, एवढंच बाहेर येऊन बोलायचं होतं. नाही बोलले.

सकाळी हे कुणाशी न बोलता शिफ्टला गेले. आत्यांनी गाठोडं बांधलं. स्टँडपर्यंत सोडायला मीच गेले. दौंडकडे जाणाऱ्या चौफुल्याच्या गाडीला वेळ होता.

"पाणी घालीत जा," त्या म्हणाल्या. "काशा ऱ्हायल्यात खाली. हरळीच हाय ती, येती परत."

"आत्या, राहा ना. ह्यांचा राग काय, दोन दिवसांत उतरेल."

"त्याचं काय न्हाई गं. लेकरू हाय, वराडतंय." जरा थांबून म्हणाल्या, "काल तू गेटापशी हुबी व्हतीस. बघितलं म्या. काय बोलली न्हाईस, तवा वाटलं, सुनंला बरं वाटतंय. म्हून तर ऱ्हायलेलं बी काढलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ह्यातलं एक अक्षर त्यांनी लेकाला सांगितलं नव्हतं. गाडी आली. त्या चढल्या आणि मी खालून गाठोडं वर दिलं.

आत्या पुन्हा राहायला म्हणून कधी आल्या नाहीत. घरात काही कार्य असलं की यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. शेवटपर्यंत तसंच.

हरळी पंधरा दिवसांत फुटली. तिला मी आता न चुकता पाणी घालते, कुणी सांगत नाही तरी. पाहुणे आले की हे कौतुकानं सांगतात, "आमच्या आईनं सगळं उपटून टाकलं होतं. हिनं जगवलं परत." पाहुणे माझ्याकडे बघून वा वा म्हणतात. मी चहा ठेवायला आत जाते.