गाऱ्हाण्यातून गळलेली माणसं

शेजारच्या भाईचं आणि माझं पटत नाही. आमच्या कुंपणावर एक फणस आहे. तो माझा आहे, पण भाई स्वतःचा म्हणतो. तेव्हापासून जत्रेत तो गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की मी तोंड मिटून घेते. दर मागण्याला अख्खा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणतो, मी म्हणत नाही.

तरी गाऱ्हाणं घालावं ते भाईनेच, हे मलाही कबूल आहे. एरवी हा माणूस कलमांना खत घालतो आणि कढीत मीठ कमी म्हणून बायकोशी, यशोदेशी, भांडतो. पण देवासमोर हात जोडले की गावासाठी काय मागायचं ते त्याला तिथल्या तिथे सुचत जातं. लिहिलेलं काही नसतं.

तेच अंगाशी आलं. यंदा जत्रेआधी देवस्थान समितीच्या दीपेशने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की भाई गाऱ्हाण्यात बाहेरच्यांना वाईट बोलतो. आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी माणसं दुखावलीत, त्यांच्यातल्या जानकीने जत्रेला यायचं सोडलं, तेव्हा आता दुसरा माणूस बघूया. भाईने जेवण टाकलं. नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

"देवाकडे काय मागलंय ता माझ्या ध्यानात रवणा नाय गो," तो पुतणीला म्हणाला. "कोणाचा वायट मागलंय काय, ता तू सांग माका."

पुतणी म्हणजे रसिका. वेंगुर्ल्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिने मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलेली जुनी-नवी सगळी गाऱ्हाणी गोळा केली. भाईचं एकेक मागणं एकेका चिठ्ठीवर लिहिलं, मागे साल टाकलं आणि पडवीत चार सुपं मांडली. एकात गावच्यांचं भलं मागितलेलं, दुसऱ्यात बाहेरच्यांचं भलं, तिसऱ्यात गावच्यांचं वाईट, चौथ्यात बाहेरच्यांचं वाईट. स्वतः चिठ्ठ्या लावून, ते टिपून घेऊन, तिने सुपं रिकामी केली आणि मला बोलावलं. दुसऱ्या कुणीतरी पहिलीचं न बघता त्याच चिठ्ठ्या लावायच्या असतात म्हणे.

"मीच कशाक?"

"काकी, माका काका आवडता, आणि तुका तो डोळ्यासमोर नको. दोघींची चिठी एकाच सुपात पडली, तर ती थंयचीच."

मी उत्साहाने बसले, खोटं कशाला बोलू! 'आडवो येयत तेका वाटेर आण' ही चिठ्ठी दिसताच मी ती चौथ्या सुपात टाकली. रसिकाने फक्त विचारलं, "ह्यात बाहेरच्या कोणाचा नाव आसा?" नव्हतं. "काकी, लिवलला वाच. काकाक नको वाचू." झक मारत मी चिठ्ठी उचलली. संध्याकाळपर्यंत माझं चौथं सूप रिकामं राहिलं. रसिकाचंही रिकामंच होतं.

भाई दाराशी उभा होता. त्याने ते सूप हातात घेऊन उलटंपालटं केलं. "सुटलंय गो," म्हणाला आणि रडला. यशोदेने पेज आणली, ती त्याने भुरकून प्यायली. मला इतकं हलकं वाटलं की माझाच मला राग आला.

पण रसिकाचं संपलं नव्हतं. तिने दुसऱ्या सुपातल्या चिठ्ठ्या पालथ्या केल्या. 'पोटापाण्याक जो कोण हंय इलो आसा, तेच्या लेकरांका सुखात ठेव.' सगळी सालं जुनी. अलीकडचं एकही नाही.

"काका, वायट तू कोणाचा मागूक नाय. पण ह्यांचा नावच घेणा सोडलंस."

भाई आठवत राहिला. मग हळूच म्हणाला, "दीपेश म्हणालो, रातच्या नाटकाक उशीर होता, गाराणा आटपता घे. मी आटपलंय."

आटपताना गावचं कोणी गळलं नव्हतं. गळली ती ही बाहेरून आलेली माणसं. आमच्यापैकी तरी कुणाच्या ते लक्षात आलं होतं?

रसिकाने चिठ्ठ्यांचा हिशेब दाखवल्यावर दीपेशने ग्रुपवरचं लिखाण मुकाट्याने काढलं. भाई स्वतः बागेत जाऊन जानकीला जत्रेचं बोलावणं देऊन आला.

जत्रेत तो उभा राहिला. चाकरमानी झाले, गुरंढोरं झाली, व्हय म्हाराजा होत गेलं. मग तो थांबला. "पोटापाण्याक जो कोण हंय इलो आसा, तेच्या लेकरांका आमच्या लेकरांसारखा सांभाळ रे म्हाराजा!"

ओळ लोकांच्या सवयीतून गेलेली. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. भाईने जोडलेले हात खाली घेतले नाहीत. जानकी पोराला कडेवर घेऊन खांबाआड उभी होती.

"व्हय म्हाराजा!" कोणीतरी जीव खाऊन ओरडलं. ती मीच होते. पाठोपाठ सगळा गाव ओरडला, आणि जानकीसुद्धा.

नाटक उशिराच सुरू झालं. भाई प्रसादाचा नारळ घेऊन माझ्यासमोर आला, डोळे भरलेले. ह्याला इथेच आवरायला हवं, म्हणून मी बजावलं, "ओरडलंय म्हणान काय समजा नको. फणस माझोच."

भाईने माझ्यापुढे हात जोडले. "व्हय म्हाराजा."