उस्तादाच्या घरचा फ्रिज

उन्हाळा तापायला लागला की उस्तादाला माणसांचा तिटकारा येई. एरवीही त्याला माणसं फारशी आवडत नसत, पण उन्हाळ्यात ती त्याला बोलावत, आणि बोलावलं की त्यांचे फ्रिज उघडून बघावे लागत. तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करून त्याचं एक मत पक्कं झालं होतं. माणसाने बाहेरची खोली कितीही झाडूनपुसून ठेवली तरी त्याची खरी लायकी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पडलेली असते. वाळून खडा झालेलं अर्धं लिंबू, नखांना लावायच्या रंगाच्या बाटल्या, कधीच्या काळचं डोळ्यांचं औषध. एका घरी तर त्याला आजोबांचा चष्मा सापडला होता. घरातली माणसं तो दोन महिने शोधत होती, आणि त्या दोन महिन्यांत रोज दहादा फ्रिज उघडत होती.

"गारच होत नाही हो, गॅस संपला असेल," बाई म्हणत.

"तुम्ही आत उकळतं पातेलं ठेवलंय बाई. गॅस नाही संपला, फ्रिजला ताप आलाय."

बाईंना राग येई. उस्तादाला बरं वाटे.

त्याची तपासायची रीत साधी होती. फ्रिज भिंतीपासून ओढायचा, मागे उकिडवं बसायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. अर्धं मिनिट डोळे मिटायचे. मग निकाल. कॉम्प्रेसर चालूच होत नसेल तर मधले सगळे भाग वगळून त्याला थेट वीज द्यायची. याला धंद्यात 'डायरेक्ट करणं' म्हणतात. घरघरला तर कॉम्प्रेसर चांगला, दोष बाकीच्यात. नाही घरघरला तर मेला. तीस वर्षं हे शास्त्र पुरलं होतं, आणि ज्यांना ते येत नव्हतं त्या सगळ्यांना उस्ताद एका शब्दात निकालात काढी: "बावळट."

त्याच्या दुकानाच्या मागच्या भागात, पोट उघडून ठेवलेल्या फ्रिजांच्या मधे, दोन खोक्यांवर एक फळी टाकलेली होती. दुपारी एक वाजता तिथे चौघे जेवायला जमत. उस्ताद स्वतः, शेजारचा शिंपी, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, आणि समोरच्या दुकानातला टीव्ही. टीव्ही म्हणजे टीव्ही दुरुस्त करणारा. पूर्वी त्याच्या दारात रांग लागे. आता टीव्ही बिघडला की लोक नवा आणत, आणि याच्याकडे चार्जर, खेळण्यातल्या मोटारी आणि खोकणारे रेडिओ येत. चौघांत सर्वांत शांत तोच, म्हणून चौघांत सर्वांत जास्त तोच खाई. म्हणजे बोलणी.

"काय टीव्ही, आज सकाळपासून काय केलंस?" उस्ताद डबा उघडता उघडता विचारी.

"एक रिमोट आला होता."

"अरे वा! नॉर्मल डिलिव्हरी की ऑपरेशन?"

शिंपी फिसकन हसे. चष्मेवाला म्हणे, "बाळ-बाळंतीण सुखरूप?" टीव्हीही हसे आणि स्वतःच्या डब्यातलं उकडलेलं अंडं चौघांत कापून वाटे. बारा वर्षं हे असं चाललं होतं. दुसऱ्याचं हसं करून पोट भरायची उस्तादाला सवय लागली होती. त्या फळीवर त्याचा शब्द चाले, आणि तो का चाले हे त्याला नीट माहीत होतं. तो कधीच चुकत नसे.

आणि त्याच्या घरचा फ्रिज बंद पडला होता.

हा फ्रिज मुलीने आणि जावयाने दिलेला, नव्या तऱ्हेचा. आतला दिवा लागे, पण कॉम्प्रेसर मुका. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर उस्तादाने तो बायकोसमोर ऐटीत ओढला, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. काहीच नाही. मग त्याने थेट वीज दिली. कॉम्प्रेसर घरघरला नाही. त्याऐवजी फट्कन आवाज झाला आणि सगळं घर अंधारात गेलं.

"मेला," उस्ताद अंधारातून म्हणाला.

"कोण?" बायको घाबरून म्हणाली.

"कॉम्प्रेसर. मागवतो."

दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात त्याने मॉडेल सांगितलं, तर काउंटरवरच्या माणसाने त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "काका, याचा कॉम्प्रेसर सहसा जात नाही. बोर्ड बघितलात का?" बोर्ड म्हणजे मागच्या पत्र्याखालची इलेक्ट्रॉनिक पट्टी. असल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्या पट्टीच्या हुकमावर चालतो. थेट वीज दिली तर तो फिरत तर नाहीच, कधी कधी जळतो. हे उस्तादाला त्या काउंटरवर कळलं. तो म्हणाला, "बघितला, बघितला," आणि बाहेर आला.

घरी त्याने पत्रा काढून त्या पट्टीकडे अर्धा तास पाहिलं. हिरव्या रंगावर मुंग्यांएवढे तुकडे चिकटलेले. ऐकायला काही नाही, कानाला लावायला काही नाही. असल्या पट्ट्या वाचणारा अख्ख्या रस्त्यात एकच माणूस होता आणि तो उस्तादासमोर रोज अंडं कापत होता.

त्याला विचारायचं म्हणजे बारा वर्षांचं राज्य खालसा. त्यापेक्षा न विचारणं बरं, असं उस्तादाने ठरवलं, आणि शहरातल्या सर्वांत वाईट उन्हाळ्यात त्याचं घर फ्रिजवाचून राहू लागलं.

चौथा मजला. वर गच्ची, गच्चीवर ऊन. दूध सकाळी आणलं की दुपारी फाटे. रात्रीचा भात सकाळी आंबे. लोण्याचं तेल झालं. बायको खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे दूध ठेवायला लागली, तेही पिशवीत लपवून, कारण उस्तादाने बजावलं होतं, "कुणाला बोलायचं नाही."

"तिला काय सांगू मग? रोज दूध घेऊन येते ते काय दाखवायला?"

"सांग, आमचा फ्रिज भरलाय."

"तुमच्या अकलेने भरलाय," बायको म्हणाली. "लोकांचे फ्रिज चालू करत गावभर फिरता, आणि मी दुधाची पिशवी पदराखाली घेऊन जिने चढउतार करते. पार्ट कधी येणार?"

"येतोय."

"चालत येतोय का?"

सोळाव्या दिवशी रविवार होता. दुपारी चारच्या सुमाराला उस्ताद फरशीवर उघडा पडला होता, छातीवर ओला टॉवेल. दार वाजलं, बायकोने उघडलं, आणि डोळे किलकिले करून बघतो तर कानाजवळ दोन ओळखीची पावलं. करंगळीपाशी उसवलेल्या सँडल.

"झोप, झोप," टीव्ही वरून म्हणाला. "वहिनी म्हणाल्या तुला कामाचा फार ताण आहे. वेळ मिळत नाही."

उस्ताद टॉवेलसकट उठून बसला. बायकोने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो मुकाट फ्रिज भिंतीपासून ओढायला लागला.

टीव्हीने पत्रा काढला. पट्टी हातात धरून उजेडाकडे नेली, वास घेतला. उस्ताद मागे उभा राहिला. बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून त्याने धरली. बावळट, तो मनात म्हणाला, पण कुणाला ते त्यालाही नक्की कळलं नाही.

"कॉम्प्रेसरला डायरेक्ट तर नाही दिलंस?" टीव्हीने विचारलं.

"मी? डोकं फिरलंय का माझं?"

कॉम्प्रेसरच्या प्लगवर काळा डाग होता. बॅटरीचा उजेड नेमका त्याच्यावर पडला होता. टीव्हीने डागाकडे पाहिलं, अंगठ्याने तो पुसला, अंगठा पँटीला पुसला आणि म्हणाला, "नाहीच देणार तू. बॅटरी जरा वर घे."

एक फ्यूज गेला होता, आणि एका छोट्या डबीसारख्या भागाची टोपी फुगून वर आली होती. टीव्हीने दोन्ही नवे खिशातून काढले, कथलाचा डाग देऊन जोडले, पट्टी बसवली. तीन मिनिटं काही झालं नाही. मग आत कुठेतरी, इतक्या हळू की स्क्रू ड्रायव्हरशिवाय ऐकू येऊ नये, गुणगुण सुरू झाली.

"झालं," टीव्ही म्हणाला. चहालाही थांबला नाही.

सोमवारी सकाळी बायकोने उस्तादाच्या डब्याबरोबर एक दुसरा डबा दिला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, हाताला गार लागणारा.

"फळं घातलेलं कस्टर्ड आहे. नव्याने गार झालेली पहिली वस्तू. भाऊजींना द्या. आणि विसरलो म्हणून परत आणू नका."

उस्ताद डबा घेऊन दुकानात आला आणि त्याला घाम फुटला. एक वाजता फळीवर हा डबा टीव्हीपुढे ठेवायचा. शिंपी विचारणार, कशाबद्दल? चष्मेवाला चष्मा कपाळावर चढवणार. आधीच गुपचूप नेऊन द्यावा, तर रस्ता ओलांडताना दोघांच्या दुकानांपुढून जायचं. साडेदहा वाजेपर्यंत तो डब्याकडे बघत राहिला. पावणेअकराला त्याने शटर अर्धं खाली ओढलं, फ्रिजांच्या मागे उकिडवं बसला आणि दोन माणसांना पुरेलसं कस्टर्ड एकट्याने खाल्लं. गोड होतं. द्राक्षं घातली होती. शेवटचे चार चमचे त्याला घशाखाली ढकलावे लागले. मग डबा धुतला.

एक वाजता चौघे जमले. उस्ताद आल्या आल्या टीव्हीकडे चोरून बघत होता. आता बोलेल, मग बोलेल. टीव्ही अंडं कापत होता.

"तू जेवत का नाहीस रे?" शिंप्याने उस्तादाला विचारलं.

"उकडतंय."

"याच्या दुकानात बस, गार आहे," चष्मेवाल्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. "गिऱ्हाइकांची गर्दी नाही, हवा खेळती राहते." सगळे हसले. टीव्हीही हसला. त्याच्या चेहऱ्यावर कालच्या रविवारचं काही म्हणता काही नव्हतं.

संध्याकाळी बायको बाजारातून परतताना दुकानावर आली आणि नेमका टीव्ही तिथे उभा होता, उस्तादाकडून पाण्याची गार बाटली न्यायला आलेला.

"भाऊजी, आवडलं का कस्टर्ड?"

उस्तादाने हातातला पाना घट्ट धरला. कस्टर्डचं एकेक द्राक्ष त्याच्या पोटात जागं झालं.

टीव्हीने क्षणभर उस्तादाकडे पाहिलं. अगदी क्षणभर.

"वहिनी, फार छान. फक्त थोडं होतं."

"थोडं?" बायको म्हणाली. "मोठा डबा भरून दिला होता!"

"मग माझंच पोट मोठं," टीव्ही म्हणाला आणि बाटली घेऊन रस्ता ओलांडून गेला.

रात्रभर उस्ताद त्याला शिव्या देत होता. हा कसला माणूस. न खाल्लेल्याची तारीफ करतो. भांडत नाही, टोमणा मारत नाही, डाग पुसतो. याच्यापुढे माणसाने करायचं काय? असला माणूस शेजारी असण्यापेक्षा चोर असलेला बरा, निदान कुलूप तरी लावता येतं. पहाटे वारा पडला आणि त्याला कळलं की आपल्याला आता त्या फळीवर रिमोटचं बाळंतपण काढता येणार नाही. शब्दच तोंडातून निघणार नाहीत. आणि ते निघाले नाहीत तर मग त्या फळीवर आपण कोण?

मंगळवारी शिंप्यानेच सुरुवात केली. "काय टीव्ही, आज काय आलं?" आणि पुढचं वाक्य उस्ताद बोलेल म्हणून त्याच्याकडे वळून, आधीच हसण्याच्या बेतात बसला.

उस्तादाने चमचा खाली ठेवला.

"माझ्या घरचा फ्रिज सोळा दिवस बंद होता. मला जमला नाही. याने चालू केला."

शिंप्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. मग शिंप्याच्या तोंडातला भात उडाला. चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"सोळा दिवस! अरे, आकडा कसा काढतो बघ!"

"खरं सांगतोय, गाढवांनो."

'गाढवांनो' ऐकल्यावर तर हा थट्टाच करतोय अशी दोघांची खात्री पटली. "मग दुकान कधी देतोस याच्या नावावर?" शिंपी मांडीवर थापा मारत म्हणाला. "याला म्हणावं, उद्या माझं मशीन बघ, टाके नाचतायत!"

"त्यालाच विचारा की."

दोघांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीने घास गिळला. "मला?" तो म्हणाला. "मला रिमोट उघडताना घाम फुटतो."

चष्मेवाला फळीवर आडवा झाला. उस्तादाची कानशिलं तापली. बारा वर्षं या दोघांना त्याने हसायला शिकवलं होतं, आणि आता बावळटांना दुसरं काही येत नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि पहिल्यापासून सांगू लागला: स्क्रू ड्रायव्हर कसा लावला, डायरेक्ट दिल्यावर घर कसं अंधारात गेलं, बायकोने दूध पदराखाली कसं नेलं, बॅटरी कुणी धरली. एकेका गोष्टीला दोघे नव्याने कोसळत होते. शेवटी तो याच जागी उकिडवं बसून दुसऱ्याचं कस्टर्ड कसं गिळलं त्यावर आला.

तिथे टीव्ही हसायचा थांबला.

"बस कर आता," तो हळूच म्हणाला. "खाली बस. जेव."

"अरे थांब, थांब," शिंपी डोळे पुसत म्हणाला, "त्या कस्टर्डचं परत सांग ना!"

"द्राक्षं होती त्यात," उस्ताद म्हणाला, आणि खाली बसला.