भरून परत आलेली बाटली

आज परसातल्या पेरूंचा जॅम केला. झाड मोठ्या दिरांनी लावलेलं. वाटणीत मध्ये भिंत आली आणि झाड आमच्याकडे राहिलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. यंदा तरी सुरू व्हावं म्हणून पहिली बाटली जाऊबाईंना दिली.

आमच्या उदगीरकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. संध्याकाळी जाऊबाईंनी भिंतीवरून बाटली परत दिली. भरलेली होती, माझ्याच जॅमनं. झाकणही उघडलेलं नव्हतं.

"अक्का, भाऊजींना पेरू लई आवडतेत की!"

"आवडतेत. म्हणून तर आमच्याकडं आलेली फांदी तोडून टाकली. रोज बघवत नव्हती त्यांना."

जेवताना बाटली ताटांच्या मध्येच होती. आमच्यापैकी कुणीही ती उघडली नाही. तुम्ही उघडली असती?