हिरव्या अँबेसडरच्या मागोमाग

दादा माझे नात्याने कोणी नव्हते. आमची ओळख भंडाऱ्यातल्या एका गॅरेजात झाली.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाले त्याच वर्षी नवरा गेला आणि त्याची जुनी फियाट अंगणात उभी राहिली. भंगारात देऊन टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. मी ड्रायव्हिंग शिकायला गेले. शिकवणाऱ्याने आधी माझ्या केसांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि म्हणाला, "दोघी पुरान्याच हायत, जमंल."

तर त्या दिवशी फियाट गॅरेजात होती. खाली एवढं ऑइल सांडलेलं की पाय ठेवायला जागा नव्हती. मी मिस्त्रीवर ओरडले, "काय रे, हा त चांदपूरचा तलावच करून ठेवला तू!"

बाजूला एक हिरवी अँबेसडर बॉनेट उघडून उभी होती. तिच्याजवळ स्टुलावर बसलेल्या गृहस्थांनी झटकन मान वर केली.

"चांदपूरचा तलाव तुमाले कसा मालूम?"

"माझं माहेर सिहोरा."

"बाप्पा! मी बी सिहोऱ्याचाच."

त्यांचं घर बाजारचौकाजवळ, आमचं विहाराच्या मागे. ते माझ्याहून बरेच मोठे, म्हणून शाळा एक असूनही कधी समोरासमोर आलो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर त्या काळी आम्ही एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकलं नसतं. आता मात्र एकाच बाकड्यावर बसून रेडिएटर काहून तापतो यावर तासभर बोललो. निघताना ते म्हणाले, "माह्या गावची लेक हाय तू. मले दादा म्हण."

त्यानंतर रविवारी सकाळी आमच्या दोन्ही गाड्या वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायच्या. गाड्या सावलीत लावायच्या, थर्मासातला चहा प्यायचा आणि आठवणीतल्या गावात शिरायचं. तलावाचं पाणी नहराला सुटलं की पोरं कुठे उड्या मारायची, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ पाहायला जागा कशी धरायची, आठवडी बाजारात मुरमुऱ्याचे लाडू कोण चांगले विकायचं. दादांच्या बायकोला मी वहिनी म्हणू लागले. त्यांचा मुलगा मला आत्या म्हणे.

अँबेसडरची गोष्ट दादा पुन्हा पुन्हा सांगत. सिहोऱ्यात एक राईस मिल होती आणि दादांचे वडील मिलमालकाचे ड्रायव्हर होते. ही हिरवी गाडी त्यांनी उभा जन्म चालवली, पण घरच्यांना कधी तिच्यात बसवलं नाही. मालकाची गाडी मालकाचीच, असं त्यांचं म्हणणं. पुढे मिल बंद पडली, मालक गाव सोडून निघाले, तेव्हा नोकरीला लागलेल्या दादांनी ती विकत घेतली. वडील तेव्हा हयात होते. त्यांना मागच्या सीटवर बसवून दादांनी तलावापर्यंत नेलं. "पूर्ण रस्ता बाबा अवघडूनच बसले," दादा हसत सांगायचे. "परत कवा द्यायची, परत कवा द्यायची, हेच इचारत होते."

दोन वर्षांपूर्वी मला दादांमध्ये फरक दिसू लागला. तीच गोष्ट एका चहात दोनदा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण टपावर ठेवून निघणं. दवाखान्यात आयुष्य गेलेलं असल्यामुळे मला ते साधं म्हातारपण वाटलं नाही. मी वहिनींना सांगितलं, नागपूरला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. गाडीची किल्ली वहिनींनी कणकेच्या डब्यात लपवली. मग रविवारी मुलगा अँबेसडर चालवायचा आणि दादा बाजूला बसायचे.

धान कापणीचे दिवस होते. एका सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"बाई, हे घरी नाहीत. गाडीबी नाही. डबा उघडा पडून हाय."

मी पोहोचले तेव्हा मुलगा मोटरसायकल काढत होता. दादांचा मोबाईल खाटेवरच पडलेला. पोलिसांना कळवून झालं होतं. मुलाचं म्हणणं, ते आंधळगावला गेले असतील, कारण वहिनींचं माहेर तिथलं आणि दादांचं जाणं-येणंही तिथेच.

मला मात्र गेल्या रविवारचं काहीतरी टोचत होतं. पुलाजवळ दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाले होते, "गाडी परत करा लागते आता. लय दिवस झाले." मला वाटलं, विकायचं म्हणतायत.

"तू आंधळगावला जा," मी मुलाला म्हणाले. "आम्ही सिहोऱ्याकडे पाहतो."

वहिनी दादांचं स्वेटर आणि गोळ्या मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या. माझी फियाट काही पळणारी गाडी नाही. समोरून रेतीचे ट्रक येत होते आणि प्रत्येक ट्रकागणिक वहिनी डोळे मिटून घेत होत्या. मला मध्येच रस्त्याकडेचे नहर दिसत होते आणि मी त्यांच्याकडे बघणं टाळत होते.

नवी गाडी असती तर कोणाच्या लक्षात राहिली नसती. हिरवी अँबेसडर मात्र सगळ्यांनी पाहिली होती. वरठीच्या चहावाल्याने लगेच हात पसरून दिशा दाखवली. "थे जुनी गाडी? गेली ना. आजोबा मस्त चालवत होते."

"कोणाला लागली-बिगली नाही ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही वो माय. अगदी बाजूनं, हळूहळू."

मोहाडीला पंक्चरवाल्याने सांगितलं की आजोबांनी रेडिएटरमध्ये पाणी टाकून घेतलं आणि गाडी आंधळगावच्या फाट्याला न वळता सरळ तुमसरकडे गेली. मी मुलाला फोन केला. "इकडेच ये." वहिनींनी स्वेटर छातीशी धरलं. इतका वेळ त्या रडल्या नव्हत्या, आता रडू लागल्या. मी रडू दिलं. तुमसरच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली आणि सिहोऱ्याचा रस्ता धरला.

गावात शिरताना मी कोणालाच काही विचारलं नाही. सरळ मिलकडे गेले.

मिल आता नावालाच उरली आहे. भिंत आहे, गंजलेलं फाटक आहे, आत लोक धान वाळवतात. त्या फाटकासमोर हिरवी अँबेसडर नीट, सरळ रेषेत लावलेली होती. दादा स्टिअरिंगमागे ताठ बसलेले. मी ब्रेक दाबला. वहिनी उतरून खालीच बसल्या.

शेजारच्या घरातली एक बाई धावत आली. "तुमचे हायत का? फाटक खोला, फाटक खोला म्हणून राहिले सकाळपासून. चहा देल्ला, पोहे देल्ले. घरात या म्हटलं त येत नाहीत. ड्युटीवर हावो म्हणते."

मी तिचे हात धरले.

मग दादांच्या खिडकीपाशी गेले. त्यांनी मला पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. चेहरा फार थकलेला होता, कसल्यातरी काळजीने ओढलेला.

"बाई, मालक कुठं गेले? गाडी द्याची हाय. बाबाच्या नावावर बोल लागंल."

दवाखान्यात अशा माणसांशी वाद घालायचा नाही, हे आम्ही शिकलो होतो. मिल बंद पडून जमाना झाला, गाडी तुमचीच आहे, असं सांगून त्यांना काय मिळालं असतं? मी वाकले.

"दादा, मालक भेटले मले. गाडी तुमच्याजवळच ठेवा म्हणाले."

"आमच्याजवळ?"

"हो. नेहमीसाठी. बाबांनी लय चांगली सांभाळली म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "असं म्हणाले? बाबाले?"

"असंच म्हणाले."

दादांचे खांदे खाली आले. इतका वेळ आवळून धरलेलं स्टिअरिंग त्यांनी सोडलं, तळहात पँटला पुसले आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "मंग काही घाई नाही."

वहिनी दुसऱ्या दाराने आत बसल्या आणि त्यांना स्वेटर घालू लागल्या. "न सांगता काहून आलात?" एवढंच म्हणाल्या. दादा लहान मुलासारखे हात वर करून बाही चढवून घेत होते.

थोड्या वेळाने मुलगा आला. मोटरसायकल तशीच स्टँडला लावून बापाच्या गळ्यात पडला. दादांना त्याचं नवल वाटलं. "काय झालं रे? कोनी काही म्हटलं का?" मुलगा हसायला लागला आणि मग आम्ही सगळेच हसलो, ती शेजारची बाईसुद्धा. तिने पुन्हा चहा टाकला. दादा आता तिच्या ओसरीवर येऊन बसले, बशीतून फुर्रकन चहा प्यायले आणि धान कोणतं पेरलं होतं याची चौकशी करत राहिले.

मोटरसायकल तिच्याच अंगणात ठेवली. परतताना मुलगा अँबेसडर चालवत होता, मागच्या सीटवर दादा-वहिनी. मी फियाट घेऊन त्यांच्या मागे. तलावाकडे वळणारा रस्ता आला तेव्हा अँबेसडरचा इंडिकेटर लागला. मी फोन करून विचारलं, "काय झालं?"

"आत्या, बाबा म्हणतात तलाव पाहून जाऊ."

गेलो. तलावाच्या बांधावर, पाळीवर, दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. पाणी भरपूर होतं, ऊन उतरायला लागलेलं. मी मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा दादा सीटला पाठ टेकून, पाय पसरून अगदी आरामात बसलेले होते.

त्यांचा आजार थांबलेला नाही. काही रविवारी मी कोण ते त्यांना सांगावं लागतं. पण गाडी परत करायचं त्यांनी त्या दिवसानंतर पुन्हा कधी काढलं नाही.