नंबरकाकांनी ठोकलेली पाटी

नंबरकाकांना कुणी घाई केली की ते हातातला पाना खाली ठेवत आणि चहा मागवत. 'उशीर होतोय' म्हणालात तर एक चहा, 'ऑफिसला जायचंय' म्हणालात तर चहा आणि वर खारी. काळाचौकीच्या नाक्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांची लाकडी पेटी असायची आणि गाड्यांना पत्र्याच्या नंबरपाट्या लावणं एवढाच त्यांचा उद्योग होता. आता काका गावी असतात आणि पायरीवर कुणीतरी मोबाईलची कव्हरं विकतो. पण दहा मिनिटांचं काम माणूस दीड तास कसं करू शकतो, हे मी त्याच पायरीसमोर भर उन्हात उभं राहून शिकलो.

अकरा वर्षांपूर्वी मी पहिली गाडी घेतली. काका बाबांचे मित्र, त्यामुळे दुसरीकडे गेलो असतो तर घरात बोलणी खावी लागली असती. काकांनी आधी बंपरवर दोरा ताणून धरला, मग पाटी लावली, मग मला म्हणाले, "त्या पानवाल्यापर्यंत जा नि तिथून नंबर वाच." मी गेलो, वाचला. "मोठ्यानं!" पुन्हा वाचला. पानवाला, त्याची दोन गिऱ्हाईकं आणि बसस्टॉपवरच्या एक आजी, सगळ्यांना माझ्या गाडीचा नंबर पाठ झाला. "डावीकडं खाली वाटते काय रे?" मला सरळच दिसत होती, तसं सांगितलं. "तुका सगळाच सरळ दिसता. बापाशीसारखोच आंधळो हस," असं म्हणून त्यांनी पाटी काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

खरा वैताग बोल्टचा होता. जग बोल्ट घालतं, मागून नट आवळतं आणि मोकळं होतं. काका नटाबाहेर आलेलं बोल्टचं टोक हातोडीनं ठोकून ठोकून असं चेपत, की नट जन्मात फिरू नये. प्रत्येक पाटीला, प्रत्येक बोल्टला. "पाटी म्हणजे गाडीचा नाव," ते म्हणत. "चोरानं काढून दुसऱ्या गाडीक लावली, तर पोलीस तुझ्या दारात येतले, माझ्या नाय." त्यांच्याकडे लावलेली पाटी चोरीला गेल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि कुणाला ती सहज बदलता आल्याचंही नाही.

तत्त्वांचा तर कहर होता. एकदा मंडळाचा एक वजनदार कार्यकर्ता आला. त्याला आकडे वळवून असे हवे होते, की लांबून नंबराऐवजी त्याचं टोपणनाव वाचलं जावं. गणपतीचे दिवस जवळ आलेले, नाक्यावर त्याचाच शब्द चालायचा. काका शांतपणे म्हणाले, "नंबर नंबरासारखो दिसूक व्हयो. नाव कपाळावर लिहून घे." तो तरातरा निघून गेला. त्याच्यामागे आलेल्या चौघांची गिऱ्हाइकीही गेली. काका मात्र समोरच्या टॅक्सीच्या पाटीवर दोरा धरून बसले होते. मी त्यांना व्यवहार समजावायला गेलो, तर मलाच चहा मिळाला.

मग सरकारी पाट्यांचा नियम आला. नव्या गाड्या आधीपासूनच शोरूममधून पाटी लावून येत होत्या, काकांच्या वाट्याला जुन्या गाड्या तेवढ्या उरल्या होत्या. आता त्यांनाही नवी पाटी सक्तीची झाली. मोबाईलवर तारीख घ्यायची, केंद्रावर जायचं, तिथलीच माणसं पाटी लावणार. म्हणजे काकांचं काम संपलं, हे सगळ्या नाक्याला कळलं. हे त्यांना कोण सांगणार म्हणून सगळे गप्प. मी तर गाडी मागच्या गल्लीतून काढायला लागलो. एका सकाळी दूध आणताना मात्र सापडलोच. "तारीख घेतलंस काय रे?" त्यांनी विचारलं. "बघू काका, अजून काही नक्की नाही," मी म्हणालो. तारखेचा मेसेज मला आदल्या दिवशीच आला होता.

केंद्र माटुंग्याला होतं. तिथल्या माणसानं पाना लावला, पक्कड लावली, घाम पुसला आणि म्हणाला, "साहब, ये किसने ठोका है? ये तो निकलेगा ही नहीं." मागे बारा-पंधरा गाड्यांची रांग. आज झालं नाही तर पुढची तारीख मुदत संपल्यानंतरची. मी भररस्त्यात काकांच्या नावानं खडे फोडले. मग दुसरा इलाजच उरला नाही, म्हणून फोन काढला. खोटं बोलल्याबद्दल आता ऐकून घ्यावं लागणार, याची तयारी ठेवली होती. काकांनी एवढंच विचारलं, "पुढली काय मागली?"

"दोन्ही."

"येतंय."

काका बसनं आले. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस रस्त्यावर वर्तमानपत्र पसरून बंपरखाली उताणा झोपला आणि स्वतःच चेपलेले बोल्ट छिन्नीनं तोडू लागला. मागे हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "ओ काका, आटपा लवकर!" मला वाटलं, आता हे उठून चहा मागवणार. पण काकांनी छिन्नी खाली ठेवली नाही. त्यांनी हात भराभर चालवायला सुरुवात केली. ते पाहून मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांनी लवकर काम केलं होतं, आणि मला ते नको होतं.

नव्या पाट्या दोन मिनिटांत लागल्या. काकांनी एकीची कड बोटानं ओढून पाहिली. "निघत नाय?"

"तोडे बिना नहीं निकलेगा, चाचा."

"मग बरां आसा," काका म्हणाले.

जुन्या पाट्या तिथेच जमा करायच्या होत्या. माझ्या दोन्ही पाट्या त्या माणसानं कोपऱ्यातल्या ढिगावर टाकल्या. काका ढिगापाशी गेले, उकिडवे बसले आणि एकेक पाटी उलटून पाहू लागले. "ही सावंताची. ही शाळेच्या बसची. ही डॉक्टरीणबाईची, दोनदा लावलंय." मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं. बऱ्याच वेळानं ते उठले. "सगळे येवन गेले म्हणजे," ते म्हणाले. "कोण बोललो नाय. तुझो फोन तरी इलो."

तो फोन मी गरज पडली म्हणून केला होता. हे त्यांनाही ठाऊक असणार.

"चला काका, घरी सोडतो," मी दार उघडून म्हणालो. ते आधी दाराकडे बघत राहिले, मग हसले. "जन्मभर गाडीच्या पुढं नि मागं बसलंय रे. आत बस म्हणून कोण बोललो नाय."

अकरा वर्षांत मीही म्हणालो नव्हतो. मला माझीच लाज वाटली. काकांनी रस्त्यावरच चपला काढल्या, घरात शिरावं तसे अनवाणी आत बसले आणि पाय जवळ घेतले. मी खाली वाकलो, त्यांच्या चपला उचलल्या आणि आत त्यांच्या पायाशी ठेवल्या.