कमानीचे दगड

नेपोलियन पडला, तुरिनला जुना राजा परतला आणि आल्प्सच्या खिंडीतला पाडलेला किल्ला पुन्हा बांधायचं ठरलं. शेझाल गावात सगळ्यात जास्त आनंद झाला तो साठीतल्या एस्प्री पाथरवटाला. किल्ल्याच्या दरवाजाची कमान त्याच्या बापाने रचली होती. लहानपणी तो बापाचं जेवण घेऊन तिच्याखालून जाई, आणि पहारेकरी त्याची टोपी संगिनीच्या टोकावर उचलून त्याला रडवत. पुढे फ्रेंचांनी किल्ला पाडायला लावला तो याच गावाकडून. बापाचे दगड एस्प्रीने स्वतः उतरवले, एक टवका उडू न देता, आणि त्यांचीच गावाची भट्टी बांधली.

वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर, त्या भट्टीत साऱ्या गावाचा, वाळवून वर्षभर पुरवायचा राय धान्याचा पाव भाजला जाई. नेमका त्याच आठवड्यात बांधकामावरचा साहेब आला. त्याला कमानीचे दगड परत हवे होते.

"काका, नदीतले आहेत म्हणून सांगा," मादलेना कुजबुजली. यंदा भट्टी पेटवायची पहिली पाळी तिची होती. "नाहीतर वर्षभर काय तुमची कमान चावू आम्ही?"

"दात शाबूत आहेत ना तुझे? मग झालं."

साहेबाने विचारलं तेव्हा एस्प्री म्हणाला, "कमानीचेच आहेत. माझ्या बापाचे."

मादलेनाने पाठ फिरवली.

"पण आधी वाजवून बघतो," एस्प्री म्हणाला. चांगला दगड हातोडीखाली खणखणतो. तो भट्टीत वाकून शिरला. पहिला दगड ठोकला. बद्द. दुसराही तसाच. पंधरा वर्षांच्या आगीने त्यांना आतून खाल्लं होतं. शेवटचा दगड त्याने कान लावून तीनदा ठोकला.

"काय म्हणतात?" साहेबाने बाहेरून विचारलं.

आतून हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वजन टाकलंत तर भुगा होईल," एस्प्री अखेर म्हणाला. "पाव भाजायला ठीक आहेत."

नवे दगड खाणीतून काढायचे ठरवून साहेब निघून गेला. एस्प्री गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आला.

"ठाऊक होतं तर आधी सांगायचंत ना, काका! जीव टांगणीला लावलात आमचा."

"ठाऊक नव्हतं गं. मला वाटलं, वाजतील."

एप्रनच्या टोकाने मादलेनाने त्याच्या गालावरची काजळी पुसली, आणि पहिली मोळी आत सरकवली.