हाताचा गेर

माझ्या लग्नाची गोष्ट मी आजवर कितीजणांना सांगितली असेल, त्याचा हिशेब नाही. मित्राच्या मोटारसायकलीवरून मुलगी बघायला गेलो आणि त्या लोकांनी मुलीच्या आधी मलाच चालायला लावलं, एवढं सांगितलं की ऐकणारे हसून बेजार होतात. मग मी घोटभर पाणी पितो आणि गोष्ट एकदम पुढच्या आठवड्यावर नेतो. मधलं एक वाक्य गाळतो. नेमकं त्याच वेळी माझी बायको काहीतरी काम आठवल्यासारखी उठून आत जाते. इतक्या वर्षांत ती एकदाही म्हणाली नाही, की अहो, मधलं राहिलं. ते मधलं लिहायला आज बसलोय. लाज वाटायची काही थांबलेली नाही.

तो मित्र आणि मी उंब्रजजवळच्या एकाच गावचे. शाळेत एका बाकावर बसून मार खाल्लेले. पुढं तो मिलिटरीत गेला आणि मी विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायला शिकलो. पासष्टच्या लढाईत त्याच्या उजव्या पायाला, गुडघ्याच्या जरा खाली, गोळी लागली. पाय वाचला, पण पाऊल वर उचलेना. घोट्यातून ते नुसतं लोंबायचं. पेन्शनीवर गावी आला तेव्हा पुरता तिशीचाही नव्हता. लोक समोरून रामराम करायचे आणि तो पुढं गेला की त्याच्या पावलाकडं बघत राहायचे. त्याला ते कळायचं. त्यामुळं वर्षभर तो घराबाहेर फारसा पडलाच नाही.

मग एके दिवशी पुण्याहून ट्रकमध्ये घालून त्यानं मोटारसायकल आणली. लिलावात काढलेली मिलिटरीची जुनी, जड गाडी. आमच्या घरामागं पत्र्याची शेड होती. अर्ध्या शेडमध्ये कडबा आणि अर्ध्या शेडमध्ये माझी खोललेली इंजिनं. चौघांनी ढकलत गाडी तिथं आणून लावली. बाकीचे गेल्यावर तो टाकीवर हात ठेवून म्हणाला, "गड्या, हिचा गेर उजव्या पायात हाय. माजा त्योच पाय गेलाय. तू गेर हातात आनून दे."

"हातात? अरं, ही काय जीप हाय व्हय?"

"तुला जमंल. दुसऱ्या कुनाला न्हाई जमायचं." मग जरा थांबून म्हणाला, "खाली हाय तवर मी लंगडा रं. एकदा वर बसलो की कोन म्हनंल?"

हे त्याचं बोलणं मी विसरलो असतो तर निदान विसराळू तरी ठरलो असतो. ते लक्षात होतं, आणि तरीही पुढं केलं ते केलं.

दहा-बारा दिवस आम्ही त्या शेडमध्ये होतो. तो कसा चालतो ते मी त्या दिवसांत नीट बघितलं. कामच होतं ते. पायाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे कळल्याशिवाय गेरचा दांडा कुठं बसवायचा ते ठरेना. तो पाय फरफटत नसे. लोंबणारं पाऊल कशाला अडू नये म्हणून गुडघा जरा जास्त वर उचलायचा आणि पाऊल हलकेच खाली ठेवायचा, चिखलातून चालावं तसा. बाकी सगळं अंग ताठ. त्याचं बसणं, उतरणं, गुडघा कुठवर येतो, सगळं मी सुतळी धरून मोजलं. सुतळीला गाठी मारून ठेवल्या होत्या, तिसरी गाठ गुडघ्याची.

पायातला खटका काढून टाकला. गेरबॉक्सच्या दांडीला सळई जोडली, ती वर टाकीच्या उजव्या अंगाला आणली आणि तिथं भंगारातल्या जीपचा हँडब्रेकचा दांडा कापून बसवला. लिहायला दोन ओळी लागल्या. पहिल्या खेपेला सळईच वाकली. दुसऱ्या खेपेला दांडा त्याच्या गुडघ्यावर आपटायला लागला, म्हणजे माझी तिसरी गाठ चुकली होती. तिसऱ्या खेपेला सगळं बसलं, पण उलटं. दांडा मागं ओढला की वरचा गेर पडायचा. मी डोक्याला हात लावला.

"ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "बैलाचा कासरा वडला की बैल थांबतो, ही पळंल. चांगलं ध्यानात ऱ्हाईल."

गावच्या सुताराकडून बाभळीची गोल मूठ घडवून आणली, तेल पाजून दांड्यावर बसवली. किक उजव्या बाजूला, ती तो खाली उभा राहून डाव्या पायानं मारायला शिकला. पहिल्यांदा ओढ्यापर्यंत जाऊन परत आला तेव्हा शेडपुढं गाडी थांबवून खाली उतरलाच नाही. वर बसूनच विचारलं, "कसा दिसतोय?"

"सायेब," मी म्हणालो.

लढाईवरून आल्यापासून तो तेव्हा पहिल्यांदा मोकळा हसला. पुढं मी पुष्कळ यंत्रं दुरुस्त केली, पण इतकं चांगलं काम माझ्या हातून परत झालं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. काम कुणासाठी आणि कशासाठी केलं, ते मला किती चांगलं ठाऊक होतं, एवढंच सांगायचंय.

कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं गाडी माझ्याकडं सर्व्हिसिंगला लावली. ऑइल बदलायचं होतं, चेन धुऊन ताणायची होती, इंजिनातले टॅपेट ढिले होऊन वाजत होते. त्याच आठवड्यात इस्लामपूरकडच्या एका स्थळाचा निरोप आला. वडील आणि चुलते एसटीनं जाणार होते. माझ्या डोक्यात भलतंच आलं.

मी त्याला म्हणालो, "टॅपेट बसवल्यात, पन लांबची ट्रायल घ्यायला लागंल."

"किती लांब?"

"इस्लामपूरपतूर."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि हसायला लागला. "पोरगी बघायला निघालाईस व्हय? मग सरळ सांग की लेका. ने. आन गाडी माजीच हाय म्हनून सांग, मी काय कोर्टात न्हाई जायाचा." स्वतःचा गॉगलही त्यानं काढून माझ्या खिशात घातला.

आता मुलीच्या घरचं अंगण. चांगलं उसाचं घराणं, सारवलेलं अंगण, मधोमध तुळस. वडील आणि चुलते आधीच येऊन घोंगड्यावर बसले होते. मी गाडीवरून आत शिरलो तशी सगळी पुरुषमंडळी गाडीभोवती जमली. मी हळूच गॉगल काढला. मुलीचे मामा म्हणजे जाडजूड, तोंडभर हसणारे गृहस्थ. त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि बाभळीच्या मुठीवर बोट टेकलं.

"आवं पावनं, ह्यो दांडा कसला?"

"गेरचा."

"हातानं टाकता?"

"व्हय."

"मग पायाला काय झालं?"

सगळे माझ्या पायांकडं बघायला लागले. मुद्दाम शिवून घेतलेली नवी लांब पँट होती, तिचाच आता त्यांना संशय यायला लागला. मामा म्हणाले, "राग मानू नगा, पन आमच्या पोरीच्या जल्माचा सवाल हाय. जरा त्या तुळशीपतूर चालून दावा."

वडिलांचा चुना लावलेला हात पानावरच थांबला. मी तुळशीपर्यंत गेलो आणि परत आलो. मुलगी बघायला गेलं की तिला चालायला लावतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. स्वतः चाललो तेव्हा मात्र कानशिलं तापली. पाय धडधाकट असून आता अडखळतोय की काय असं झालं.

"पाय झ्याक हाईत की!" मामा म्हणाले. "मग असली गाडी कशापायी?"

इथं मी पाणी पितो. मी बोललो ते असं: "आवं, माजी न्हाई ती. एका लंगड्याची गाडी हाय."

माझीच आहे, हौस म्हणून केलाय हाताचा गेर, असं म्हणता आलं असतं. त्यानंच तशी मुभा दिली होती. एका जवानाची आहे, असं म्हणालो असतो तर त्या घरानं गाडीला हात जोडले असते. मला लंगडा एवढंच सुचलं आणि लोक हसले. ते हसले म्हणून मला चेव आला. एक हात कमरेवर ठेवून, तोंड वाकडं करून, उजवा पाय मातीतून फरफटत मी चार पावलं चालून दाखवलं. अंगणात हसण्याचा नुसता कल्लोळ. वडीलही हसले. मी मान वर केली तर दारात पोह्यांचं ताट घेऊन मुलगी उभी होती. ती हसत नव्हती.

नंतर तिला चालायला सांगितलं. ती खाली मान घालून तुळशीपर्यंत गेली आणि आली. मीही तिच्या पायांकडं बघितलं. रीतच होती.

गाडी परत दिली तेव्हा तो म्हणाला, "जमलं का?"

"जमल्यातच जमा हाय."

"गाडी आवडली का त्यास्नी?"

"लय." मग माझ्यानं त्याच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी खाली बसलो आणि चेन अजून जरा ढिली आहे म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी ती मंडळी आमचं घर बघायला येणार होती. मला न विचारताच तो गाडी घेऊन स्टँडवर गेला. मामांना मागं बसवून थेट आमच्या दारात आणलं. बाकीचे मागून चालत येत होते. मामा उतरले ते हसतच.

"आवं जावईबापू, लंगड्याची गाडी ती हीच न्हवं? दांडा बघितला आन वळकली! काय चालून दावलं हुतं तुमी, आमच्या घरात आजून हसत्यात!"

गाडी चालवणाराच तो, हे मामांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कसं येणार? तो वर बसला होता.

इंजिन चालू होतं. दांडा मागं ओढून तो निघून जाऊ शकला असता, आणि मी तेव्हा देवाकडं तेच मागत होतो. त्यानं इंजिन बंद केलं. गाडी उभी केली, खाली उतरला आणि फाटकापासून आमच्या ओट्यापर्यंत मामांच्या आणि घरच्या सगळ्यांच्या समोर चालत गेला. गुडघा वर उचलत, पाऊल हलकेच ठेवत, ताठ. मामांचं हसू तोंडातच राहिलं. मामांना ओट्यावर बोलावून त्यानं शेजारी बसवलं आणि म्हणाला, "म्याच त्यो. ह्यो गेर ह्यानं बसवलाय. आक्क्या तालुक्यात कुनाला जमला नसता. हाताचा लय गुनी हाय. पोरगी द्या, कायबी इचार करू नगा."

हातापुरतीच ग्वाही दिली त्यानं. जिभेचं काही बोलला नाही. त्याच्या शब्दावर सुपारी फुटली.

आमच्या चुलत्यांच्या पोटात ती गंमत राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती पारावर सांगितली आणि महिन्याभरात गाडीला नाव पडलं. लांबून आवाज आला की लोक म्हणायचे, लंगड्याची गाडी आली. आता वर बसूनही त्याची सुटका नव्हती.

लग्नाच्या आधीच एका सकाळी तो गाडी घेऊन शेडमध्ये आला. "गेर पायाकडं घे परत," म्हणाला.

"अरं, मग तू कसा…"

"इकायची हाय. असली कोन घील?"

माझ्या हातात पाना होता. तेव्हा पाना खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. एकाच वाक्यानं झालेलं नुकसान दुसऱ्या एका वाक्यानं भरून आलं नसतं, पण बोलायला तर हवं होतं. मी खाली बसलो आणि नटाला पाना लावला. जे बसवायला दहा-बारा दिवस लागले होते, ते काढायला अर्धा दिवसही लागला नाही. तेवढा वेळ मी त्याच्याशी ऑइलबद्दल बोलत होतो, कोणतं पातळ आणि कोणतं घट्ट. तो 'व्हय, व्हय' म्हणत होता. बाभळीची मूठ त्यानं स्वतः फिरवून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. खंडाळ्याकडच्या कुणीतरी गाडी नेली. माझ्या वरातीत तो गावभर चालला. मी घोड्यावर होतो.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. तो आमच्याकडं दुपारचा जेवायला आला, चालतच. तो मला पूर्वीसारखाच गड्या म्हणत होता, आणि मी सारखा त्याच्या ताटात वाढायला सांगत होतो. जेवण झाल्यावर तो परसदारी चूळ भरायला गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला जाताना आणि येताना बघत होती. तो निरोप घेऊन गेला. ती खाली वाकून ताटं उचलायला लागली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी दावलं हुतं तसं न्हाईत चालत ते."

तो कसा चालतो ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सुतळी धरून मोजलं होतं.